येऊरच्या पायथ्याचा 'नवा' भुंगेरा

दोन वर्षांपूर्वीचा जून. पहिला दमदार पाऊस पडून दोन रात्री झाल्या होत्या. आमची सोसायटी उपवन तलावापासून थोडी वर, येऊरच्या पायथ्याला आहे. असा पाऊस झाला की पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली काय काय येऊन पडतं, ते झाडणारे मामा सकाळी सुपलीत भरतात. त्या रात्री 'बी' विंगमधल्या बारावीच्या मुलाने मला फोटो पाठवला. 'काका, हे बघा. गूगल स्टॅग बीटल म्हणतंय.'

काळा, चपटा भुंगेरा. डोक्यापुढे दोन छोटे बाकदार जबडे. स्टॅग म्हणजे नर हरीण; या किड्यांच्या नरांचे जबडे त्याच्या शिंगांसारखे दिसतात, म्हणून हे नाव.

मी ठाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि वीसेक वर्षं भुंगेरे गोळा करतो. त्या अधिकाराने मी लिहिलं, 'डब्यात ठेव, सकाळी बघू.' सकाळपर्यंत तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर 'ठाण्यात नवीन प्रजाती सापडली!' या मजकुरासह फिरून परत माझ्याकडेच आला होता. हा मजकूर कोणी जोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुढचे सव्वा वर्ष आम्ही त्याच्या मागे होतो, आणि त्यातले निदान दोन महिने मी स्वतःही तो खरा मानत होतो.

शब्दांचं आधीच सांगून टाकतो. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांनी हे उलटंसुलटं करून टाकलंय. मी इथे विश्वकोशाच्या बाजूने आहे.

आधी हा स्टॅग बीटलच ना?

हा प्रश्न बावळट नाही. आपल्याकडे 'स्टॅग बीटल' म्हणून येणाऱ्या फोटोंत निम्मे तरी लांब मिशांचे लाकूड पोखरणारे भुंगेरे असतात. अॅकँथोफोरस प्रजातीतल्या नराचे जबडे असे दणकट असतात की कोणीही फसावं. उरलेल्यांत नारळवाल्यांचा गेंड्या भुंगा असतो. त्याचं शिंग डोक्यावर असतं, जबड्याचं नसतं. खूण बघायची ती शृंगिकांची, म्हणजे मिशांची. स्टॅग बीटलची शृंगिका कोपरातून मोडल्यासारखी वाकते आणि तिच्या टोकाला कंगव्याच्या दातांसारखी पानं असतात, जी मिटत नाहीत. शेणकिडा किंवा हुमणीचा भुंगेरा आपली पानं पंख्यासारखी मिटून घेतो. आमच्या डब्यातल्याची मिटत नव्हती. स्टॅग बीटलचं कुल, लुकॅनिडी, यात वाद नव्हता.

प्रजातीही फारशी अवघड गेली नाही. ढालपंखांवर (पाठ झाकणाऱ्या टणक पंखांवर) लांबीच्या दिशेने ठळक खोबणी, चपटं अंग, डोळ्याला समोरून अर्धवट छेदणारी कड: एगस. ही प्रजाती भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे, कुजलेल्या लाकडात राहते, आणि तिच्यातले बरेच भुंगेरे काळे नि मध्यम चणीचे असल्यामुळे हौशी लोक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हौस असते ती प्रोसोपोकोइलस जिराफाची. 1789 मध्ये ऑलिव्हिए यांनी वर्णन केलेला हा जगातला सगळ्यात लांब स्टॅग बीटल, जबड्यांसकट बारा सेंटिमीटरच्या आसपास जाणारा. आमचा नर जबडे धरून 19 मिलिमीटर भरला.

अडचण त्यापुढची. भारतीय स्टॅग बीटलसाठी अजूनही पहिला आधार म्हणजे गिल्बर्ट अॅरो यांचा 'फॉना ऑफ इंडिया' मालिकेतला 1950 सालचा खंड. त्यातल्या किल्लीने, म्हणजे एकेक प्रश्न विचारत जातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्याने, मी तीन संध्याकाळी घासाघीस केली. किल्ली विचारत होती: जबड्याच्या आतल्या कडेला मधोमध दात आहे का? आमच्याकडे मधोमध काहीच नव्हतं. बुडाशी एक बोथट टेंगूळ आणि पुढे साधा बाक. डोक्याची पुढची कडही वर्णनापेक्षा सरळ होती. कुठेच बसत नव्हता.

'म्हणजे नवीनच!' मुलगा म्हणाला. मी 'थांब' म्हणालो, पण आवाजात जोर नव्हता.

नाव ठेवायची घाई

इथे आमचा प्रवास अगदी सरळ चुकीच्या दिशेने झाला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

नवी जाती जाहीर करायला पदवी लागत नाही, सरकारी शिक्का लागत नाही. लागते ती प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची पूर्तता. सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. नाव लॅटिन लिपीत हवं. ही नवी जाती आहे असं लेखात स्पष्ट म्हणायला हवं. ती इतरांपासून वेगळी कशी ओळखायची हे शब्दांत लिहायला हवं. आणि एक नमुना 'होलोटाइप', म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून नेमून तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार आहोत ते सांगायला हवं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर तो झूबँक या नोंदवहीत आधी चढवावा लागतो. 2012 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. वर्णन कुठल्या भाषेत असावं याची मात्र सक्ती नाही. तत्त्वतः एखाद्या भुंगेऱ्याचं वर्णन शुद्ध मराठीत करून नाव वैध ठरू शकतं. कोणी वाचणार नाही, एवढंच.

आपल्या देशाचा कायदा याला आणखी एक जोड देतो. जैविक विविधता अधिनियम 2002 च्या कलम 39 प्रमाणे नवी जाती सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिचा नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. कीटकांच्या बाबतीत पहिलं नाव येतं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं. मुख्यालय कोलकात्याला, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. होलोटाइप घरच्या काचेच्या पेटीत ठेवून मिरवता येत नाही.

मी हे सगळं मुलाला समजावलं आणि त्यातून त्याने एकच गोष्ट उचलली: नाव काय ठेवायचं. त्याला 2021 मध्ये ठाणे परिसरातून वर्णन झालेला उड्या मारणारा कोळी माहीत होता. शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव 'आयसियस तुकारामी' ठेवलं आहे. मग आपल्या भुंगेऱ्याला येऊरचं नाव द्यायचं की त्याच्या आजीचं, यावर आमची गॅलरीत चांगली तासभर चर्चा झाली. पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' लागतो, स्त्रीच्या नावाला 'ए', गावाच्या नावाला 'एन्सिस'. सेक्रेटरी काकूंनी चहा घेता घेता सोसायटीचं नाव सुचवलं. हसू नका, संहितेत त्याला मनाई नाही.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या पत्रकाराने बातमी मागितली. बरं झालं, मी दिली नाही. वर्णनाशिवाय नुसतं नाव छापून आलं तर त्याला 'नोमेन न्यूडम' म्हणतात, शब्दशः नागडं नाव. त्याला काही दर्जा नसतो, पण ते इंटरनेटवर भटकत राहतं आणि पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप होतो.

मी वर्णनाचा मसुदा लिहिला. साडेतीन पानं. जबडे, डोकं, प्रोनोटम (डोक्यामागची ढाल), पायाचे काटे. आता वाचताना त्यातलं भाषावैभव जाणवतं. मग तो पुण्यातल्या एका निवृत्त सरांना पाठवला, ज्यांनी हयात ढालपंखी किड्यांत घालवली. त्यांचा फोन आला.

'किती नर बघितलेत?'

'एक, सर.'

'मादी?'

'नाही.'

'जननेंद्रिय काढून पाहिलंत?'

'अजून नाही.'

'मग तुमच्याकडे जाती नाहीये. एक भुंगेरा आहे.' फोन ठेवताना त्यांनी एक वाक्य जोडलं. 'लहान नर असेल हो. मोठा भाऊ शोधा.'

मोठा भाऊ

स्टॅग बीटलच्या वर्गीकरणातला सगळा घोळ या एका वाक्यात आहे. नराचा जबडा हा काही नाकासारखा ठराविक आकाराचा अवयव नाही. अळीला किती आणि कसलं लाकूड मिळालं, त्यावर भुंगेऱ्याचा आकार ठरतो. एकदा कोशातून बाहेर आला की तो वाढत नाही. आणि शरीर थोडं मोठं झालं की जबडा त्याच्या प्रमाणात न वाढता कितीतरी जास्त वाढतो. एवढंच नाही, त्याचा नमुनाही बदलतो. मोठ्या नरात मधोमध असलेला दात लहान नरात सरकून बुडाशी येतो किंवा नाहीसाच होतो. डोकं रुंद होतं, त्याची पुढची कड खोलगट होते. एकाच आईची दोन पोरं शेजारी ठेवली तर अनोळखी माणूस त्यांना दोन जाती म्हणेल.

आणि लोकांनी तसं म्हटलंही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्राहकांकडे आशियातून सुटे सुटे नमुने पोचत. बोटीतून आलेला एक नर, सोबत 'इंडिया' एवढीच चिठ्ठी. त्यावर नाव दिलं जाई. पुढे मधले आकार सापडत गेले, तशी ती नावं एकमेकांत विरघळली. आपल्या दक्षिण सह्याद्रीतला ओडोंटोलॅबिस बर्मायस्टेरी ज्या प्रजातीत येतो, तिच्यातल्या नरांची रूपं इतकी भिन्न की फ्रान्झ लॉइथ्नर यांनी 1885 मध्ये जबड्याच्या दातांवरून चार रूपांना चार वेगळी नावं दिली. ती जातींची नावं नव्हेत, रूपांची. हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही असतं. पण स्वतःच्या डब्यातला किडा समोर असताना आठवलं नाही. फसायला अज्ञान लागतंच असं नाही.

तर मोठा भाऊ. येऊरच्या जंगलात शिरून शोधायचा मोह होता. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, सुमारे 103 चौरस किलोमीटरच्या उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तिथून किडा उचलायलाही वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. 'एक किडा तर आहे' हे वाक्य इथे चालत नाही. 2008 मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलिला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली, त्यातला एक नावाजलेला भुंगेरे-तज्ज्ञ होता. म्हणून आम्ही गच्चीवर कीटकांना खेचणारा 160 वॅटचा एमएल दिवा आणि त्यांना बसायला पांढरी चादर लावली. सहा रात्री. पतंग, तुडतुडे, पाण्यातले भुंगेरे, दोन प्रार्थनाकीटक आणि खालून ओरडणारे चौथ्या मजल्यावरचे आजोबा. एगस एकही नाही.

जुलैत मला वेगळीच शंका आली. 'सी' विंगमध्ये एका फ्लॅटचं काम चालू होतं आणि सुताराने परदेशी माल आलेले पेटारे फोडून फळ्या आणल्या होत्या. आपल्याकडे न्हावा शेव्याला जगभरचं लाकूड उतरतं. पेटाऱ्याच्या लाकडाला आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसची उष्णता अर्धा तास द्यावी लागते. त्याचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का त्यावर असतो. तो शिक्का मी टॉर्च घेऊन तपासला. होता. शिवाय एगसच्या अळीला असलं कोरडं, टणक लाकूड नकोच असतं. तिला बुरशीने मऊ केलेलं, हाताने चुरगळणारं लाकूड लागतं. सुताराने मला विचारलं, 'साहेब, वाळवी बघताय का?' मी 'तसंच' म्हणालो.

उत्तर कुंपणाच्या आतच होतं. आदल्या पावसाळ्यापूर्वी मागच्या भिंतीलगतचा जुना पर्जन्यवृक्ष पडला होता. फांद्या पालिकेने नेल्या, बुंध्याचा ओंडका तिथेच राहिला. ऑगस्टमध्ये मुलगा क्रिकेटचा बॉल शोधायला मागे गेला आणि ओंडक्याची साल त्याच्या हातात आली. खाली लालसर भुसा झालेलं लाकूड, वाळवीची जुनी माती, आणि इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या.

'काका, हुमणी आहे.' गावाकडचं पोर, हुमणी ओळखतं. दिसते तशीच. पण उलटी करून भिंगातून शेपटाकडे पाहिलं तर गुदद्वाराची चीर उभी होती, दोन्ही बाजूंना दोन गुबगुबीत उशा. हुमणीची चीर आडवी, बाकदार असते. आणखी एक खूण आम्हाला कानाने मिळायला हवी होती: स्टॅग बीटलच्या अळ्या मधल्या आणि मागच्या पायांवरचे खरखरीत भाग एकमेकांवर घासून आवाज काढतात. कानाशी धरून बघितलं. रिक्षांच्या आवाजात ठाण्यात ते ऐकू येणं कठीणच.

नऊ अळ्या त्याच लाकडाच्या चुऱ्यात, झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्यांत ठेवल्या. लाकूड ओलसर, पण पाणी सुटेल इतकं नाही. माझ्या बायकोच्या भाषेत 'भिजवलेल्या साबुदाण्याएवढं'. हे माप मी आजपर्यंत वाचलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा उपयोगी ठरलं. तीन अळ्या बुरशीने गेल्या. पुढच्या वर्षी मे अखेर ते जुलै या काळात चार भुंगेरे निघाले: तीन नर, एक मादी.

पहिला नर 18 मिलिमीटर. पार्किंगमधल्याचा जुळा. दुसरा 23. जबड्यावर टेंगळाच्या जरा पुढे एक चिमुकला उंचवटा, नखाने चाचपला तर जाणवेल न जाणवेल एवढा. तिसरा बाहेर आला तेव्हा मी कॉलेजात होतो. मुलाने फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. 31 मिलिमीटर. डोक्याची कड खोलगट, जबडे लांब, आणि आतल्या कडेला मधोमध एक स्वच्छ, टोकदार दात.

अॅरोंच्या किल्लीत तो दुसऱ्याच प्रश्नाला एका जुन्या, नीट माहीत असलेल्या जातीवर जाऊन बसला.

तरीही आम्ही लगेच पाटी पुसली नाही. एकाच ओंडक्यात दोन जाती राहू शकतात. लहान आणि मोठ्या नरांची जननेंद्रियं काढली, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून स्वच्छ केली. या कुलात जबड्यापेक्षा हा भाग जास्त भरवशाचा, कारण शरीर लहानमोठं झालं तरी त्याची घडण फारशी हलत नाही. पार्किंगमधला धरून चारही नरांची घडण एक. सरांनी लंडनच्या संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांची छायाचित्रं मिळवून दिली. मोठा नर तिथल्या नराशी जुळला. आपल्या भुंगेऱ्यांचे कित्येक टाइप, म्हणजे ज्यांवरून नावं दिली ते मूळ नमुने, लंडन, पॅरिस, ऑक्सफर्डला आहेत. ऑक्सफर्डचा कीटकशास्त्रज्ञ होप यांचा संग्रह तर 1849 पासून तिथे. ठाण्यातल्या किड्याची ओळख पटवायला ई-मेल टेम्सकाठी जातो, याची मला आता सवय झाली आहे, चीड गेलेली नाही.

जनुकीय तपासणी आम्हाला करता आली नाही, आणि ती चूक माझी. पार्किंगमधला पहिला नर मी इथाइल अॅसिटेटच्या बाटलीत मारला, उजव्या ढालपंखातून टाचणी घातली आणि वाळवला. आकारासाठी उत्तम, डीएनएसाठी वाईट. एक पाय तोडून 95 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजरला ठेवला असता तर जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून घेता आला असता. बरण्यांतल्या भुंगेऱ्यांच्या वेळी मी ते केलं. पहिल्याचं लेबलही मी चार दिवसांनी लिहिलं आणि तारीख मुलाच्या व्हॉट्सअॅपवरून शोधावी लागली. समजा तो खरंच नवा असता, तर जगातल्या एकमेव होलोटाइपची तारीख व्हॉट्सअॅपच्या भरवशावर उभी राहिली असती.

मसुदा मी मागे घेतला. साडेतीन पानांतलं जवळपास सगळं वर्णन बरोबर होतं. फक्त ते एका जातीचं नव्हतं, एका कमी खाल्लेल्या नराचं होतं.

जातीचं नाव आणि सोसायटीचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ठाण्याची नोंद आणि आकारांची मालिका म्हणून आमची एक छोटी टिपण तयार होते आहे, ती तपासून छापून येईपर्यंत थांबतो. शिवाय स्टॅग बीटल पाळायची हौस जपानसारख्या देशांत मोठी आहे आणि तिच्यामागे चोरटा व्यापारही आहे. एगसला फार भाव नसावा, पण ओंडका उकरायला येणाऱ्याला ते आधी कुठे माहीत असतं.

सेक्रेटरी काकूंना मी हे सगळं जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, 'म्हणजे सोसायटीचं नाव नाही लागणार?' नाही लागणार. मुलगा आता डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आहे. टिपणाचा पहिला लेखक तो आहे, कारण साल त्याने उचकटली. ओंडका मार्चमध्ये पालिकेची गाडी येऊन घेऊन गेली; आम्ही दोघं त्या दिवशी घरी नव्हतो. उरलेल्या दोन अळ्या माझ्या गॅलरीत तिसऱ्या बरणीत आहेत, अजून कोशात गेलेल्या नाहीत. त्यातली एक बरीच मोठी आहे.